स्वयंपाकघरातून दिलेलं उत्तर

आटपाट चारकोप होतं, तिथे एक सासू आणि तिची सून राहायची. सासू म्हणजे मी, सून म्हणजे सुषमा. चहा घ्या गो, निवतोय.

तर सुषमाचा अंधेरीच्या ऑफिससाठी इंटरव्ह्यू होता, घरूनच, लॅपटॉपवर. आठवडाभर ही ओट्यापासून बाल्कनीपर्यंत येरझाऱ्या घालत एकच वाक्य घोकत होती, "आय नेव्हर मेन्ट टू गिव्ह इट अप."

मी विचारलं, "काय गो ते?"

"आई, आधीची नोकरी का सोडली, असं विचारणारच. सोडायचं माझ्या मनात कधीच नव्हतं, असं सांगायचंय."

त्या दिवशी मला स्वयंपाकघरात बसवलं. "कुकर लावू नका, खोकू नका." माझाच जीव खालीवर. बाहेर लॅपटॉपवर इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडमनी इंग्रजीत नेमकं तेच विचारलं आणि सुषमाची गाडी "आय... आय..."च्या पुढे जाईना. मला राहवेना. आतूनच ओरडले, "आय नेव्हर मेन्ट टू गिव्ह इट अप!"

सुषमाने कपाळावर हात मारला. मॅडमनी चक्क मराठीत विचारलं, "कोण ते?"

"सासूबाई," सुषमा पुटपुटली.

"आजी, पुढे या. अर्थ कळतो का याचा?"

"न कळायला काय झालं? मी अंथरुणाला खिळले होते, माझं सगळं हिनेच केलं. नोकरी सोडायचं कुठे होतं तिच्या मनात? आता मी ठणठणीत आहे. घेऊन जा तिला."

मॅडम हसल्या. सुषमाचाही घसा मोकळा झाला, पुढचं सगळं तिनेच फाडफाड सांगितलं.

आता ती रोज अंधेरीला जाते. डबा मी भरते, आणि कुकर हवा तेव्हा लावते.