पॉज सुटायच्या आत

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सलाम.

मला भाषण येत न्हाई. चौथीत शाळा सुटली माझी. सरांनी माइक हातात दिला, तो कुठून धरायचा हे पण मला ठाऊक न्हाई. पण रशीदभाईंची बायको शमीमआपा इद्दतीत बसली हाय, नवरा गेल्यावर चार महिने तिला घराबाहेर येता येत न्हाई. तिनं मला सांगितलं, कांता, तू जा, तू बोल. म्हणून उभी राह्यले.

सर आत्ता बोलले की रशीदभाई म्हणजे आपल्या मस्तगडचं एकतेचं प्रतीक. प्रतीक-बितीक मला कळत न्हाई. रशीदभाई टेलर होते. अन् खरं सांगू? ब्लाउज त्यांना येत न्हवता. बावीस वर्षं शिवून घेतले, एकाची बाही बराबर आली न्हाई. मी भांडायला जायची. ते म्हणायचे, "भाभी, बाही बराबर हाय, हात वर-खाली हायेत." हसा, हसा. त्यांना आवडलं असतं.

मला बोलायचंय ते आमच्या ऐतवारबद्दल.

तुमच्यातले निम्मे लोक माझ्या घरी येऊन बसलेले हायेत. नव्या पोरांना ठाऊक नसंल, म्हणून सांगते. टीव्हीवर एक सिरियल लागायची, बंदरावरच्या टोळीची. तिच्यात एक मालक होता. सोनं उतरवायचा, माणसं मारायचा, अन् घरी आला की आईच्या पायाशी बसून भाजी निवडायचा. गावात रंगीत टीव्ही तवा नवे होते. आमच्या ह्यांनी भावाकडून जुना व्हीसीआर आणला. भाईंनी स्वतःच्या पैशानं कॅसेटी घेतल्या अन् माझ्या घरी बसून सगळी सिरियल भरून घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येक कॅसेटची मागची नखी स्वतः मोडली. नखी मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत न्हाई. ते म्हणायचे, "अब ये पत्थर की लकीर है."

सिरियल संपली. टीव्हीवर परत लागली न्हाई. पण आमच्या घरी लागतच राह्यली. दर ऐतवारी, दुपारच्या जेवणानंतर. दहा-बारा माणसं, चपलांचा ढीग, अन् माझ्या चहाचं पातेलं. एकदा संपली की परत पहिल्यापासून. कोणाला वाटंल, तीच ती गोष्ट काय पाहायची? पाहायला न्हाई हो. भांडायला.

भांडायचा नियम भाईंचा होता. कॅसेट चालू असताना कोणी बोलायचं न्हाई. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा, भाई पॉज दाबणार, मंग काय ते बोला. अन् आमच्या व्हीसीआरचा पॉज पाच मिनिटं झाली की आपोआप सुटायचा. टेप घासू नये म्हणून कंपनीनं तसं केलेलं. म्हणून काय भांडायचं ते पाच मिनिटांत. पॉज सुटला की तोंड बंद. अर्धा शब्द तोंडात असला तरी गिळायचा.

मला ते कधी जमलं न्हाई. पडद्यावर कोणी मागून चाकू घेऊन आला की मी सैपाकघरातून ओरडायची, "अरे मुडद्या, मागं बघ!" अन् भाई मान न वळवता म्हणायचे, "भाभी, चालू है."

एवढंच. रागावले न्हाई कधी. "भाभी, चालू है."

सगळ्यात मोठं भांडण शेवटच्या भागाचं. मालकाचा एक ड्रायव्हर होता, लहानपणापासूनचा दोस्त. त्या ड्रायव्हरनंच मालकाला विकलं. शेवटी मालक त्याच्या गाडीत बसतो, गाडी घराकडं न जाता बंदराकडं वळती, मालक समोरच्या आरशात बघतो, अन् संपलं. मंग मालकाला माहीत होतं का न्हवतं?

भाई म्हणायचे, माहीत होतं. आरशात बघतो ते ड्रायव्हरचे डोळे बघतो. माहीत असून बसला. तिथं बसलेले आपले टीव्ही दुरुस्तीवाले विष्णुभाऊ, हो, तुम्हीच, मागं चपलांपाशी बसू नका, पुढं या. न्हाई येत? बरं, तिथं बसा. तर विष्णुभाऊ म्हणायचे, "येडा हाय का तो? माहीत असल्यावर कोण बसंल गाडीत?" भाई म्हणायचे, "दोस्ताला चोर म्हणायची हिंमत नसंल, तो बसंल." विष्णुभाऊ म्हणायचे, "तुम्ही कपडे शिवा भाई. आरशातलं मला कळतं, रोज टीव्ही उघडून बसतो मी." पाच मिनिटं. पॉज सुटला. चूप.

असं किती वर्षं चाललं. शेवटी ठरलं की आता शेवटची कॅसेट लावू, तो आरसा आला की थांबवायचं, पुढं सरकवायचं, परत थांबवायचं, अन् सगळ्यांनी हात वर करून निकाल द्यायचा. पुढच्या ऐतवारी. मस्तगडात दुसरी बातमी न्हवती त्या हप्त्यात.

ऐतवार आला. घरात पाय ठेवायला जागा न्हाई. भाईंनी कॅसेट घातली. पडद्यावर मुंग्या. पुढं पळवली. मुंग्या. मागं घेतली. मुंग्याच मुंग्या. सगळी पुसलेली.

भाईंनी कॅसेट बाहेर काढली, उलटी केली. मोडलेल्या नखीच्या भोकावर चिकटपट्टी लावलेली. भोक बुजवलं की मशीन फसतं अन् परत भरता येतं. ही युक्ती गल्लीत एकाच माणसाला येत होती, सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान हाय त्याला. भाईंनी विष्णुभाऊंकडं पाह्यलं न्हाई. माझ्याकडं पाह्यलं. पुसलं, "भाभी, या हप्त्यात मशीनला कोणी हात लावला?"

मी म्हणलं, "विष्णुभाऊ आल्ते सुकरवारी. हेड साफ करायला."

खोटं बोलले न्हाई मी. विष्णुभाऊ आल्तेच. पण कॅसेट मी पुसली होती.

थांबा. बसा, बसा सगळे. मला पुरं बोलू द्या, न्हाईतर परत बोलणं व्हायचं न्हाई.

कॅसेट मी पुसली. माझी रेखा तवा तिसरीत. गल्लीच्या गणपतीत नाचली होती, अन् केबलवाला तो कार्यक्रम दाखवणार होता. पोरगी सकाळपासून मागं लागली, आई, भरून ठेव, आई, भरून ठेव. कोरी कॅसेट आणायला गेले तर दुकान बंद. अन् कपाटात भाईंच्या कॅसेटींची ही रांग. मी मनात म्हणलं, काय एवढं? शेवटची तर हाय, सगळ्यांनी धा वेळा पाह्यलीय, सगळ्यांना ठाऊक हाय काय होतं ते. विष्णुभाऊंना पट्टी लावताना मी पाह्यलं होतं. रेखाच्या वहीच्या कव्हराला लावायची पारदर्शक पट्टी घेतली, भोक बुजवलं, बटण दाबलं. नाच सहा मिनिटांचा. मला वाटलं सुरवातीची सहा मिनिटं जातील, जाहिरात-बिहिरात जाईल, आरसा तर पार शेवटाला हाय. तव्यावर भाकर करपली म्हणून आत पळाले, अन् मशीन बंद करायचं विसरले. परत आले तर तासभर भरून झालेलं. पुढून-मागून पाह्यलं. आरसा गेला होता.

मंग मी काय केलं ऐका. कॅसेटवर रेखा नाचून राह्यली होती. म्हणजे लावली की माझं नाव. म्हणून टीव्हीची तार काढली, मुंग्या लावल्या, अन् त्या मुंग्या सगळ्या कॅसेटवर भरल्या. पोरीचा नाच पण पुसला मी. पोरीला सांगितलं, मशीन बिघडलं होतं. ती तिथं बसली हाय, तिला पण आजच कळून राह्यलंय.

अन् एवढं सगळं करून पट्टी काढायची विसरले.

त्यादिवशी भाई विष्णुभाऊंना एकच वाक्य बोलले. "हरायचं भेव होतं तर सांगायचं होतं, मी हरलो असतो." विष्णुभाऊ उठून गेले. मला वाटलं दोन दिवसांत मिटंल. मर्दांचं भांडण, चहावर मिटतं. आठ वर्षं मिटलं न्हाई. दोघांची दुकानं समोरासमोर, मधात फक्त रस्ता. भाईंनी शिलाईचं मशीन फिरवून भिंतीकडं तोंड करून ठेवलं. विष्णुभाऊ शर्ट तयार घ्यायला लागले. ऐतवार बंद पडला. मला दुपारची झोप मिळायला लागली. अन् झोप येत न्हवती.

रोज ठरवायची, उद्या सांगीन. सांगायला काय लागतं? पाच मिनिटं. तेवढा तर आमच्या व्हीसीआरचा पॉज होता. पण एक महिना गेला, मंग वाटलं आता सांगितलं तर म्हणतील महिनाभर काहून गप होतीस. एक वर्ष गेलं, मंग वर्षाची लाज. पाप जुनं झालं की सांगायला जड होत जातं.

आता शेवटचं. हे सगळ्यात वाईट हाय.

भाई जायच्या तीन दिवस आधी मी दवाखान्यात गेल्ते. शमीमआपा घरी डबा आणायला गेल्ती. दुपार होती. मी मोसंबी सोलून राह्यले होते. भाई म्हणाले, "भाभी, विष्णू पट्टी कोणती वापरतो?"

मी म्हणलं, "मला काय माहीत?"

म्हणाले, "काळी. वायरीची. त्याच्या दुकानात दुसरी पट्टीच न्हाई. मागल्या रमजानात पेटी आवरताना ती कॅसेट हाती लागली. परत पाह्यली. पट्टी वहीची हाय. लेकरांच्या वहीची."

मी मोसंबी सोलत राह्यले. पांढरं साल पण सगळं काढलं. एक-एक शीर काढली.

मी पुसलं, "मंग विष्णुभाऊंकडं गेले काहून न्हाई?"

म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ? अन् तो पुसंल ना, मी न्हाई तर कोण? त्याला काय सांगू?"

ऐकलं का तुम्ही? त्यांना ठाऊक होतं. वर्ष झालं ठाऊक होतं. या ईदला माझ्या घरी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्ते. माझ्या हातचा चहा पिऊन गेले. ठाऊक असून.

मंग म्हणाले, "विष्णूला भेज दो, भाभी. नाव मी घेणार न्हाई. बस माफी मागायचीय. अन् त्याला सांगा, मालकाला माहीत होतं. आता मला बिलकुल पक्कं ठाऊक हाय."

मी म्हणलं, "उद्या पाठवते."

परत येताना विष्णुभाऊंच्या दुकानावरूनच आले. ते खाली मान घालून काम करून राह्यले होते. मला पाहून उठले, दारात आले. आठवतं ना विष्णुभाऊ? तुम्ही पुसलं, "वहिनी, भाईचं कसं हाय?" आठ वर्षांत पहिल्यांदा तुमच्या तोंडातून भाईचं नाव ऐकलं मी. अन् मी म्हणलं, "बरं हाय. डॉक्टर म्हणतात आराम पाहिजे, गर्दी नको."

डॉक्टर तसं म्हणलेच होते. परत एक खरं वाक्य. मी सगळं आयुष्य खरीच वाक्यं बोलले, बघा.

मला भेव वाटलं. भाई नाव घेणार न्हाई म्हणले, तरी भेव वाटलं. दोघं भेटले असते तर कधी ना कधी निघालंच असतं. म्हणून उद्या पाठवू म्हणलं, परवा पाठवू म्हणलं. तिसऱ्या दिवशी भाई गेले. जनाज्याला विष्णुभाऊंनी खांदा दिला. तुम्ही सगळ्यांनी पाह्यलं. ज्याला चोर म्हणलं त्यानं खांदा दिला, अन् चोर बायांमधी बसून रडत होती.

आज सकाळी मी शमीमआपाला सांगून आले. ती म्हणाली, "मेरेकू मत बोल. उसकू बोल."

तर बोलते. विष्णुभाऊ, कॅसेट मी पुसली. भाईला ते कळलं होतं. त्यांना तुमची माफी मागायची होती, अन् मी मागू दिली न्हाई. भाईचा निरोप असा हाय की मालकाला माहीत होतं. अन् एक गोष्ट त्यांनी सांगितली न्हाई, पण मी सांगते. मागल्या रमजानपासून भाईंनी शिलाईचं मशीन परत रस्त्याकडं फिरवलं होतं. तुम्ही पाह्यलं असंल. तुम्हाला वाटलं असंल, उजेडासाठी फिरवलं. उजेडासाठी न्हाई. वर्षभर तो माणूस तुमच्या दुकानाकडं तोंड करून बसला होता, की तुम्ही एकदा वर बघाल.

मला माफ करा असं मी म्हणणार न्हाई. माफ करायचं ज्याच्या हातात होतं तो गेला. तुमच्या हातात काय हाय ते तुम्ही ठरवा. कॅसेटी सगळ्या अजून माझ्या कपाटात हायेत, शेवटची सोडून. त्या तुमच्या हायेत. घेऊन जा, न्हाईतर ऐतवारी या. मी चहा टाकीन. न टाकला तर रेखा टाकील.

आता सगळे उभे राहा. भाईसाठी दोन मिनिटं. सर, घड्याळ तुम्ही बघा.

कोणी हात वर करू नका. विष्णुभाऊ, तुम्ही पण न्हाई. काय शिव्या द्यायच्या त्या नंतर द्या, मी कुठं जात न्हाई, इथंच उभी हाय. आत्ता कोणी बोलायचं न्हाई. मी तर बिलकुल न्हाई.

चालू है.