तोतयाचं एक वाक्य

—नाही नाही, उठू नका, बसा हो, खुर्चीवरचे कागद खाली ठेवा, काही होत नाही त्यांना. चारची वेळ दिली होती मी छापखान्याला, आत्ता वाजलेत साडेतीन, म्हणजे तुम्हीच लवकर आलात, माझ्याकडे असं बघू नका. नेहमी तो मिशीवाला येतो, आज तुम्हाला पाठवलं वाटतं — बरं झालं, तो दारात उभा राहून नुसता घड्याळ बघतो, माझी काना-मात्रा चुकते. आणि ते पाकीट असं उराशी काय धरून बसलात, ठेवा की टेबलावर! काय? — हो हो, सांगा, पण आधी दम घ्या, तीन जिने चढून आलात. मला फक्त एक नोंद शेवटची नजरेखालून घालायची आहे. दोन मिनिटांचं काम. पण आज हात चालत नाहीये, कारण मला हसू येतंय. सकाळपासून. वहिनीनं विचारलंसुद्धा, "आज स्वारी एवढी खुशीत का?" म्हटलं, काही नाही गं, एक राजा मेला. ती म्हणाली, अडीच हजार वर्षांपूर्वी मेला असेल, डबा विसरू नकोस.

अहो, तुम्ही आमचा कोश छापता, तेव्हा समासात पेन्सिलीची अक्षरं दिसतात ना तुम्हाला — अ, ब, क, ड? दर वाक्याला एक? ती माझी. म्हणजे आमची. जुन्या इराणच्या राजांवर लिहायचं तर रोज एकच प्रश्न — हे तुला सांगितलं कोणी? अ म्हणजे सांगणारा तिथे हजर होता आणि खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं. ब म्हणजे हजर होता, पण मतलबी होता. क म्हणजे हजर नव्हता, पण मतलबही नव्हता, नुसता गप्पिष्ट. आणि ड म्हणजे हजरही नाही आणि मतलबही आहे — लग्न जुळवणाऱ्या मावशा. मला तीन मावशा होत्या, तिन्ही ड. "मुलगा देवमाणूस आहे" म्हणायच्या. मी विचारायची, तुम्ही पाहिलंय का त्याला? — झालं! तिथेच फिसकटायचं. म्हणून मी आज अठ्ठावन्न वर्षांची आणि भावाकडे राहते. तक्रार नाही हं. वहिनी चांगली आहे. बावीस वर्षांत किती अ दिले असतील मी, सांगा? तीन. त्यातला एक शिळोबांनी खोडला.

शिळोबा म्हणजे पलीकडचं टेबल. हे, मोकळं दिसतंय ते. खरं नाव वेगळं आहे, पण शिलालेख त्यांच्याकडे म्हणून सगळं ऑफिस शिळोबा म्हणतं, आणि मी दरबारातल्या कुचाळक्या वाचते म्हणून माझं नाव कानगोष्टीबाई. राजे आम्ही वाटून घेतलेत. दरायस त्यांचा, बर्दिया माझा. आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय — बावीस वर्षं! ऐका, गंमत आहे. कंबायसिस नावाचा राजा होता, त्याचा धाकटा भाऊ बर्दिया. थोरला लांब मोहिमेवर, इकडे धाकटा गादीवर बसला. थोरला वाटेतच मेला. मग दरायस सहा जणांना घेऊन आला, गादीवरच्या माणसाला मारलं आणि स्वतः राजा झाला. आणि वर म्हणतो काय — मी राजाला मारलंच नाही मुळी! खरा बर्दिया केव्हाच मेला होता, भावानंच गुपचूप मारला होता, हा तर कुणी एक पुरोहित, बर्दियाचं सोंग घेऊन बसलेला तोतया! आता बघा हं — राज्यभर कुणाला पत्ता नाही. आई नाही, बहीण नाही, दारावरचा पहारेकरी नाही. कळलं कुणाला? ज्याला गादी मिळाली त्याला. आणि हे कुठे लिहिलं? डोंगराच्या कड्यावर, इतक्या उंच की खालून कुणाला एक अक्षर वाचता येऊ नये. तीन-तीन भाषांत! आणि त्यात पुन्हा, जो वाचेल त्यानं माझ्यावर विश्वास ठेवावा, हे खोटं समजू नये! अहो, शप्पथ-शप्पथ म्हणणाऱ्याच्या हाती आपण किल्ली तरी देतो का घराची? मी सरळ ब दिला. त्याच्या खाली तीन रेघा.

तर शिळोबा काय म्हणतात? म्हणतात, "बाई, दगड खोटं बोलत नाही." मी म्हटलं, दगड बोलतच नाही, बोलतो तो छिन्नीवाल्याला पढवणारा. ते म्हणतात, ग्रीकांनीही तोतयाच सांगितलाय, एक सोडून तिघा-चौघांनी. सांगितलाय ना! त्यांच्यातल्या एकाच्या गोष्टीत तर त्या तोतयाचे कान कापलेले असतात आणि राणी तो झोपल्यावर हळूच केसांखाली हात घालून कान चाचपते — मला ती राणी फार आवडते. सगळ्या इतिहासात खुद्द पुरावा तपासायला गेलेली ती एकटी. पण मुद्दा काय — साक्षीदार चार, आणि चौघांना सांगणारा मूळचा एकच! दरायसनं आपल्या हकिकतीच्या नकला गावोगाव धाडल्या होत्या. एकानं शिंकावं आणि चौघांनी रुमाल काढावा, त्याला काय चार पुरावे म्हणायचे? हे मी हिरव्या पेन्सिलीनं लिहायची, ते तांबड्या पेन्सिलीनं उत्तर द्यायचे. समास पुरेना, मग कागदाला कागद डकवायला लागलो. एकदा दरायसच्या नोंदीला दीड हात शेपूट झालं होतं. संपादक म्हणाले, तुम्ही दोघं नोंद लिहिताय की पतंग उडवताय?

—हो, सांगा की, काय म्हणत होतात? नाही, थांबा, आधी हे ऐका, नाहीतर मी विसरेन. गेल्या गुरुवारी शिळोबा त्या शिडीवरून पडले. वरच्या फळीवरून नकाशांचं बाड काढत होते — माझ्यासाठी, मीच म्हटलं होतं बाड पाहायचंय — आणि शेवटच्या दोन पायऱ्या एकदम उतरले. पाय हा एवढा सुजला. मी फडकं ओलं करून बांधलं. आणि ते फरशीवर बसल्या बसल्या, दुखत असताना, म्हणाले, "बाई, तुम्ही नसता तर या बावीस वर्षांत मला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नसता." बस. एवढंच. मग रिक्षा आली.

आता मला सांगा, याला काय अक्षर द्यायचं? माणूस हजर होता, वाक्य माझ्या कानांनी ऐकलंय — पण ऐकणारीचाच मतलब असला तर? त्याला आमच्याकडे अक्षरच नाही! आठ दिवस हे टेबल मोकळं आहे. कुणी माझं वाक्य खोडत नाही. मी लिहीन ते बरोबर. इतकं भिकार वाटतं म्हणून सांगू. मी मुद्दाम एक सन चुकीचा लिहून ठेवला दोन दिवस — कुणी बघितलंसुद्धा नाही! आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघंही निवृत्त. हा 'द' ते 'ब' खंड छापला की समास संपले. मग ते त्यांच्या घरी, मी माझ्या भावाच्या घरी. बायको जाऊन नऊ वर्षं झाली त्यांना. एकटेच असतात. एकाच बाहीला इस्त्री करून येतात, दुसरीला करायची आठवतच नाही — मी काही मुद्दाम बघत नाही हं, टेबल समोर आहे म्हणून दिसतं. एक मुलगी आहे, परगावी, ठमी म्हणतात तिला. भारी कडक आहे म्हणे. फोनवरून बापाला दम देते. तिला मी अजिबात आवडायची नाही, हे मी आपलं ठरवूनच टाकलंय. न बघता, न बोलता — हो, माझं हे मत ड आहे, कबूल! हसताय काय? हसा, हसा.

तर आज सकाळी मी घरी नेलेल्या पानांवर काय केलं — कुणाला सांगू नका — मी बर्दियाच्या नोंदीतलं वाक्य बदललं. माझं होतं, "मारला गेलेला पुरुष तोतया नसून खरा बर्दियाच असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते." ते खोडलं. आणि लिहिलं, "दरायसने तोतयाचा वध केला." ठणकावून. म्हटलं, घ्या शिळोबा, जिंकलात. निवृत्तीची भेट. घरी पाय उशीवर ठेवून छापील खंड उघडतील, बर्दिया काढतील आणि — चष्मा पुसतील, काय करतील कोण जाणे. तेव्हापासून मी हसतेय. आणि तेव्हापासून ते पान तीनदा उलटं घालून ठेवलंय, खोटं कशाला बोलू. कारण हे मला पटत नाही. शाळेतली कुणी पोर कोश उघडेल आणि तेच खरं धरून चालेल. एका माणसाला बरं वाटावं म्हणून मी दगडवाल्या राजाच्या बाजूनं खोटी साक्ष दिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. पण उतारवयात माणसाला एकदा तरी वेडेपणा करू द्यावा की नाही? द्यावा ना? — हे घ्या, झालं, न्या हा गठ्ठा, मला परत वाचायला लावू नका, नाहीतर मी पुन्हा बदलेन.

घ्या ना. काय झालं? पाकीट? मला? छापखान्यातून मला कशाला — हे तांबडं अक्षर — हे तर —

तुम्ही छापखान्यातल्या नाही.

थांबा. नाही, बोलू नका, एक मिनिट बोलू नका. हे नाक शिळोबांचं. हे कपाळावर आठी घालून हसणं. अगं बाई! — ठमी? तू ठमी? अरे देवा. आणि मी तुला कडक — आणि इस्त्री — आणि फडकं — सगळं सगळं सांगितलं मी! बावीस वर्षं दर ओळीला विचारत आले, तुला हे सांगितलं कोणी, तू कोण, तुझा मतलब काय — आणि समोर माणूस येऊन बसलं, त्याला नावसुद्धा विचारलं नाही! तू सांगायला बघत होतीस गं, दोनदा तोंड उघडलंस, मीच भसाभसा — पाणी पितेस का? मी पिते. मला पिऊ दे.

हं. बाबांसाठी गावाहून आलीस होय? पाय कसा आहे? उतरली सूज? बरं. म्हणजे यात त्यांची दरायसची दुरुस्ती आहे. म्हणाले असतील, आजच्या आज नेऊन दे, चारला छापखान्याचा माणूस येतो. बघू. — बघू, काय लिहिलंय... "दरायसने खऱ्या बर्दियाचा खून केला आणि तोतयाची कथा रचली."

ठमी, हे तुझ्या बाबांनी लिहिलं? स्वतः? शुद्धीत? "असावा" नाही, "बहुधा" नाही — सरळ खून! एवढं तर मीसुद्धा कधी म्हटलं नाही! अगं, यांनी दगड सोडला! माझ्यासाठी! — आणि मी इकडे — हसू नकोस, तू हसलीस की मला आवरत नाही — एकाच खंडात, दरायस उघडला तर खून, बर्दिया उघडला तर वध! आणि दोन्हीकडे खोटी सही! मी त्यांचं लिहिलं, त्यांनी माझं लिहिलं, बिचारा बर्दिया दोनदा मेला! अगं, लोकांनी आम्हाला फाडून खाल्लं असतं, आणि आम्ही दोघं हातात हात घालून — म्हणजे तसं नव्हे — नाही, तसंच. तसंच म्हणतेय मी. आता तुझ्यासमोर काय झाकायचं, तू सगळं ऐकलंयस. मला आवडतात तुझे बाबा. झालं. म्हटलं एकदाचं.

दे ती पेन्सिल. हिरवी नको, तांबडी नको, शाईचं पेन दे. माझं हे वाक्य गेलं. त्यांचं हेही गेलं. दोन्हीकडे एकच घालते — "मारला गेलेला पुरुष खरा बर्दिया होता की तोतया, याबाबत एकमत नाही, मुख्य हकिकत दरायसने स्वतः कोरवलेली आहे." हे त्यांनाही पटेल आणि मलाही, आणि त्या पोरीलाही खोटं ठरणार नाही. वेडेपणा आपला आपल्यापाशी. राजांच्या अंगावर कशाला घालायचा? — या, या! हा बघ, हा खरा छापखान्यातला मिशीवाला. घड्याळ नका बघू, तयार आहे. हा गठ्ठा, ही दोन पानं नवी. चला, निघा. जिना सांभाळून.

गेला बाई. आता ठमी, तूही — काय? अजून काही आहे? पाकिटात नाही, तोंडी? बाबांनी सांगितलंय? निवृत्तीनंतरचं, आमच्या दोघांचं? काय शब्द वापरले? नाही, तू तुझ्या शब्दांत नको, त्यांच्याच — बसून म्हणाले की उभं राहून? पाय दुखतोय, उभं कसं राहतील, मीच वेडी. आणि तुला ते चाललं? तू रागावली नाहीस? मान हलवतेयस म्हणजे हो की — बरं. बरं, मी काही विचारत नाही. दार लोटून घे. सांग तू.