बिनकाट्याचा मासा

तोफू तारापुरात पहिल्यांदा मी बनवला आणि विकला मात्र माझ्या मावशीनं, तोही मासा म्हणून.

त्याचं काय झालं, वीजघराच्या कामावर आलेल्या जपानी साहेबानं मला सोयाचे दाणे दिले, कृतीही सांगितली. मी दाणे भिजवले, वाटले, दूध गाळून उकळलं, लिंबू पिळून फाडलं आणि फडक्यात बांधून पाट्याखाली दाबलं. मग पट्ट्या कापल्या, मीठ-मसाला चोळला आणि चांगल्या चिवट व्हाव्यात म्हणून मावशीच्या बोंबलांशेजारी उन्हात टाकल्या.

मावशी सुकी मासळी विकायची. तिनं सगळंच पाटीत भरलं आणि बोईसरच्या बाजारात खपवून आली.

त्या पट्ट्या माशाच्या नव्हत्याच, हे मी सांगितल्यावर ती किंचाळली, "मेल्या, त्या पट्ट्या मास्तरीणबाईंनी नेल्या! जुनं गिऱ्हाईक हाय माझं. आता तुटलं समज!"

पुढच्या बाजाराला शिव्या खायला तिनं मलाच सोबत नेलं. मास्तरीणबाई तरातरा आल्या.

"गेल्या खेपेचा तो मासा कुठला गं?"

मावशीनं मला कोपरानं ढोसलं. मीच म्हटलं, "खोल पाण्यातला हाय, बाई."

"काटा नाही, चावायला मस्त. पोरांनी तळल्या तळल्या फस्त केला. पण वास अजिबात नव्हता गं! जुना माल दिलास ना मला?"

मावशी ताठ झाली. "जुना? माझ्याकडं? पुढच्या बाजाराला ताजा आणते, बघा तुमी!"

घरी येताच तिनं उरलेले दाणे भिजत घातले आणि त्यात मूठभर उग्र वासाचा सुका जवळा टाकला.