गोझोला, सशाच्या जेवणाला

चेन्सू : मी इथे बसणार नाही. ती भिंत बघ.

मार्तेझ : पप्पा, तो संत जोसेफ आहे. सगळ्या जगाचा संत.

चेन्सू : जगाचा असेल. आपल्या गावात तो पलीकडच्या बँड क्लबचा आहे. तसबिरीला लाल फीतसुद्धा लावलीय बघ, त्यांच्याच रंगाची.

मार्तेझ : आपण गावात नाही, गोझो बेटावर आहोत. मध्ये समुद्र आहे. खुर्ची फिरवा, म्हणजे पाठ होईल त्याच्याकडे.

चेन्सू : संताकडे पाठ? वेडी की काय! राहू दे, तिरका बसतो.

जूझा : बसलात का एकदाचे? माझ्या खानावळीत ससा आहे, आणि ससाच आहे. आधी त्याच्या रश्शातली स्पागेटी, मग ससा.

चेन्सू : रस्सा फार लाल नको, बाई.

जूझा : निळ्या क्लबचे दिसता. घाबरू नका, आमच्याकडे वाइन आणि लसूण. टोमॅटो नावाला. पाव आणते तोवर.

चेन्सू : आगाऊ आहे बाई.

मार्तेझ : पप्पा, मला एक सांगायचंय.

चेन्सू : बोटीत बसल्यापासून दिसतंय. तुझी आई अशीच. काही सांगायचं असलं की आधी ससा खायला घालायची. लग्न करतेयस?

मार्तेझ : हो.

चेन्सू : मग तोंड एवढंसं कशाला? चांगलंच आहे की. कोण?

मार्तेझ : रुबेन.

चेन्सू : बेकरीवाल्याचा?

मार्तेझ : नाही. नेनूचा.

चेन्सू : नेनूचा… तो ट्रॉम्बोनवाला? लाल क्लबचा?

मार्तेझ : तोच.

चेन्सू : म्हणून गोझो! तडकाफडकी निघावं म्हटलं तर मध्ये समुद्र!

मार्तेझ : तसं नाही. गावात ओरडला असतात तर दोन्ही क्लबांना ऐकू गेलं असतं. इथे या बाई सोडल्या तर कोण आहे?

जूझा : आणि मी ऐकतेच आहे. ही स्पागेटी. गरम आहे तोवर खा, मग ओरडा.

चेन्सू : ओरडतंय कोण? बाई, तुम्हीच सांगा. गेल्या वर्षी त्यांच्या संताच्या सणाला मिरवणूक आमच्या सज्ज्याखालून गेली. जाऊ दे, रस्ता सगळ्यांचा. पण बँड पुढे निघून गेला तरी हा पोरगा एकटा खाली उभा. तीच धून, पुन्हा पुन्हा. चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाला त्याच्याच दारात डिवचायचं?

मार्तेझ : तुम्हाला नव्हता डिवचत.

चेन्सू : मग कोणाला?

मार्तेझ : सज्ज्यात मीही होते, पप्पा.

(चेन्सू काटा खाली ठेवतो.)

मार्तेझ : आणि तुम्ही वरून बादली ओतलीत.

चेन्सू : फरशी पुसलेलं पाणी होतं.

मार्तेझ : माहीत आहे. त्याचा गणवेश मीच धुतला.

चेन्सू : आपल्या घरात? लाल गणवेश?

मार्तेझ : तुमच्या निळ्याबरोबरच. रंग नाही लागला.

चेन्सू : चिंब भिजला, पण सूर हलला नाही कार्ट्याचा. तेच तर खटकलं मला तेव्हा. आमची पोरं चार थेंब पडले की आडोसा शोधतात.

जूझा : हा घ्या ससा. कलेजी कोणाला वाढू?

चेन्सू : तिला.

मार्तेझ : तुम्हाला आवडते ना?

चेन्सू : खा गं. लग्न झाल्यावर राहणार कुठे?

मार्तेझ : त्यांच्या गल्लीत. चर्चच्या मागे.

चेन्सू : तेच म्हणतो मी. क्लब गेला खड्ड्यात, पण त्या गल्लीत मी उभ्या जन्मात पाय ठेवलेला नाही. तुझ्याकडे कॉफीला यायचं तर लाल पताकांखालून यायला हवं, आणि मला माझे पाय माहीत आहेत. तुझी आई गेली, आता घरात बोलायला तूच. मला भीती वाटते, पोरी. हट्टापायी मी एकटा मरेन.

मार्तेझ : मी येत जाईन की.

चेन्सू : सगळ्या असंच म्हणतात. मग संसार मागे लागतो.

जूझा : अहो, सणाची रीत विसरलात? मी एका क्लबची, नवरा दुसऱ्याचा. माझ्या संताचा सण आला की कपडे भरते नि माहेरी जाते. तो बसतो अंडी तळत. म्हणून तर टिकलो.

मार्तेझ : आमचंही तसंच ठरलंय. आपल्या सणाला पूर्ण आठवडा मी तुमच्याकडे. सज्जा मीच सजवणार.

चेन्सू : आणि रुबेन? तो काय म्हणतो?

मार्तेझ : म्हणतो, त्या आठवड्यात तू आमच्या घरात दिसलीस तर माझी आईच तुला बाहेर काढेल.

चेन्सू : बाईला रीत कळते म्हणायची.

मार्तेझ : मग याल ना, माझा हात धरून? चर्च तर दोघांचंही आहे.

चेन्सू : येईन. निळा टाय लावून येईन, सांग त्यांना.

मार्तेझ : सांगते.

जूझा : कॉफी टाकू? बोटीला अवकाश आहे अजून.

चेन्सू : टाका. मार्तेझ, सोमवारी क्लबची सभा आहे.

मार्तेझ : लगेच सांगणार सगळ्यांना?

चेन्सू : ते सांगू सावकाश. आधी ठराव मांडतो. आपला सण आता पंधरा दिवसांचा करायला हवा.