मावशी पास झाली

लिहा ताई, पण मी बोलतो तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. शुद्ध केलं की मी मवाळ वाटणार आणि मी मवाळ माणूस न्हाई, हा हात बघा, ह्या हातानं एका माणसाचा डोळा गेलाय. माझं नाव सदाशिव, इथं अमेरिकेत, टेक्सासातल्या प्लेनोत, सगळे सॅम म्हणतात. गाव आमचं घाटाच्या पायथ्याला, नाव नको लिहायला, अजून माणसं आहेत तिथं. आमचा बाप पासिंगचं काम करायचा. पासिंग तुम्हाला ठाऊकच असंल, दर वर्षी ट्रक-टेम्पो सरकारी साहेबाला दाखवायचा आणि गाडी धडधाकट आहे असा कागद आणायचा. तर बापाकडं पासिंगचा सेट होता. सेट म्हणजे बरे टायर, चालू बॅटरी, दिव्यांची जोडी, ब्रेकच्या नव्या रबरी नळ्यासुद्धा. पासिंगच्या दिवशी तुमच्या खटाऱ्याला ते सगळं लावायचं, साहेबापुढं खटारा नवरीसारखा नटून उभा राहायचा, साहेबाला काय कळणार, कागद मिळाला की सगळं काढून पुढच्या खटाऱ्याला. ते लावायचं-काढायचं काम माझ्याकडं, मिसरूड फुटायच्या आधीपासून. नट ढिला राहिला की बाप फॅनबेल्टनं फोडून काढायचा. फॅनबेल्टचा वळ आठ दिवस जात न्हाई, काय सांगू तुम्हाला.

असाच एक टेम्पो आम्ही पास करून आणला आणि नळ्या काढून त्याच्या जुन्या चिरलेल्या परत बसवल्या, म्हणजे मीच बसवल्या, ह्याच हातांनी. तिसऱ्या दिवशी बाजाराच्या बाया घेऊन तो घाटात ब्रेक लागंना म्हणून दरीत गेला. दुपारी माणसं आली आमच्या दारात. बापाला ओढून काढला, चपलांनी, काठ्यांनी, दगडांनी, जे हाताला लागंल त्यानं. एकानं त्याचा गळा धरला, बाप निळा पडला, आणि मी जॅकचा दांडा उचलून त्या माणसाच्या तोंडावर घातला. त्याची बहीण त्या टेम्पोत मेली होती. चूक आमची, बहीण गेली त्याची, आणि डोळाही त्याचाच गेला. पोलीस आले तर त्यानं माझं नाव घेतलं न्हाई, पडलो म्हणाला. का घेतलं न्हाई ते मला आजपर्यंत कळलं न्हाई, आणि ते न कळणंच मला जास्त छळतं.

तवापासून माझा हात सुटायला लागला. कुणी वाकडं बोललं की ठोक. लग्न झालं, सुनंदा नर्स, शांत बाई, पण तिलाही एकदा मारलं, सांगतो, लपवत न्हाई. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली, दोन हजार एक साली निघायचं ठरलं, तवा तिनं आमच्या केतकीला माझ्यापुढं उभी केली आणि म्हणाली, हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा कुणावर हात उचलणार न्हाई म्हणून, न्हाईतर आम्ही दोघीच जातो. पोरगी सहा वर्षांची. ठेवला हात.

आणि आलो कुठं, तर ज्या वर्षी इथं माणसं पिसाळली होती त्या वर्षी. सप्टेंबरात ते टॉवर पडले आणि महिनाभरात पेट्रोल पंपावर दोघांनी मला धरलं, तुझ्या देशात परत जा म्हणून लाथा घातल्या, कुठला देश ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी खाली पडून केतकीचा भांग आठवत राहिलो, सुनंदानं पाडलेला सरळ भांग, त्यावर ठेवलेला माझा हात. उठलो न्हाई. सुनंदानं घरीच भुवईला टाके घातले, आणि घालताना रडली, म्हणाली उठायला पाहिजे होतंत. बायकांचं काय कळत न्हाई बघा.

गॅरेजात नोकरी लागली. मालक बिली, चांगला माणूस, पण तापला की पाने फेकायचा, आम्ही वाकून काम करायला शिकलो. पुढं मी इन्स्पेक्टरचं लायसन काढलं. इथंही पासिंग असतं, दर वर्षी, फक्त इथं कागदाच्या जागी काचेवर स्टिकर. कायद्यानं ब्रेकसाठी गाडी थोडी पळवून थांबवली की झालं. मी न्हाई थांबत. मी प्रत्येक गाडीच्या खाली जातो आणि ब्रेकची नळी दोन बोटांत दाबून बघतो. बिली ओरडायचा, सॅम, लाईन लागलीय. लागू दे. माझ्या स्टिकरावर कुणी मरायला नको, एवढंच मागणं आहे माझं देवापाशी, दुसरं काही न्हाई.

आता मावशीचं ऐका. मावशी म्हणजे गाडी. चार दरवाज्यांची, जपानी, कंपनीचं नाव घेत न्हाई. आपली शिकायला आलेली पोरं हीच गाडी घेतात, जुनी, आणि शिकून गेली की पुढच्याला विकतात, पुण्याच्या पोराकडून नागपूरच्या पोराकडं, मावशी ह्या घरून त्या घरी. त्यांनीच हे नाव पाडलं. आणि काय सांगू, ही गाडी नापास होत न्हाई. वायपरचं रबर, नंबर प्लेटचा दिवा, बास, ते तिथल्या तिथं बदलून मी स्टिकर लावायचो. बाकीच्या गाड्या दोन-चार वर्षांत रडायला लागतात, इंजिनाचा दिवा पेटतो, पार्किंग ब्रेक लागत न्हाई, आणि गाडीचा मालक माझ्या छातीवर बोट ठेवून शिव्या देतो. एकानं काच फोडली ऑफिसची, एकानं माझ्यावर गाडी घातली, उडी मारली म्हणून वाचलो. मावशी आली की मात्र जीव थंड व्हायचा.

तसलीच एक गाडी मिस रूथ चालवायची. ऐंशीच्या पुढची गोरी म्हातारी, चर्चला जाणारी, दर मार्चमध्ये यायची, खुर्चीत ताठ बसायची आणि मी हात पुसत आलो की परीक्षेला बसल्यासारखी विचारायची, सॅम, डिड आय पास? मी म्हणायचो, यू पास्ड, मावशी. तिला पण मी मावशीच म्हणायचो, आणि तिला अर्थ सांगितला तवा ती इतकी खूश झाली की माझे दोन्ही हात ग्रीससकट धरले.

मग दोन हजार सहाचा मार्च. त्या दिवशी ती गाडी ठेवून शेजारणीबरोबर केस सेट करायला गेली आणि जाताना मुलाचा नंबर देऊन गेली, झालं की डॅरेलला फोन कर म्हणाली. झालं. मी फोन केला. काय बोललो ते शब्द न् शब्द सांगतो. म्हणलं, सर, सॅम फ्रॉम गॅरेज, युअर मदर पास्ड. तो म्हणाला, व्हॉट? मला वाटलं ऐकू गेलं न्हाई, म्हणून मोठ्यानं म्हणलं, मदर पास्ड, नो प्रॉब्लेम, यू कम अँड टेक. तो कसाबसा म्हणाला, व्हेअर इज शी. म्हणलं, आउटसाइड, इन द सन, बिली नीड्स द स्पेस.

हसू नका ताई. म्हणजे हसा, सगळेच हसतात, पण पुढचं ऐका.

वीस मिनिटांत तो आला. दाराएवढा माणूस, डोळे लाल. मी पाना हातात घेऊन चाक आवळत होतो, दीड हात लांबीचा लोखंडी पाना. त्यानं विचारलं फोनवाला सॅम कोण, मी म्हणलं मीच, आणि हसलो, गिऱ्हाइकाला हसायचं असतं. पहिला ठोसा नाकावर बसला. नाक मोडल्याचा आवाज आपल्याच कानात आतून येतो. दुसरा तोंडावर, दोन दात घशात गेले. मग मला गाडी उचलायच्या लिफ्टच्या खांबावर आपटला, खाली पाडला आणि बुटानं बरगडीत. आणि ताई, पाना माझ्या हातातच होता. त्याचा गुडघा माझ्यापुढं, वर त्याचं तोंड उघडं, एक घाव पुरे होता. ते घाटाखालचं दार, बापाचं निळं तोंड, सगळं माझ्या खांद्यापर्यंत आलं होतं. मी पाना ढकलला, लांब, फरशीवर घासत गेला. मग तो मारत राहिला आणि मी मोजत राहिलो, केतकी, केतकी, केतकी.

बिली हातोडा घेऊन धावला आणि त्याच वेळी शेजारणीची गाडी आत आली. मिस रूथ उतरली, केसांचा पांढरा टोप झालेला, बघते तर हे. ती आली आणि हातातली पर्स मुलाच्या डोक्यात घातली, एकदा न्हाई, दमेपर्यंत. तो मागं वळला आणि तिला बघितलं. फरशीवर बसला आणि पोरासारखा भोकाड पसरून रडला, मॉम, मॉम. तिला काही कळंना. ती माझ्याकडं बघून म्हणाली, सॅम, डिड आय पास? माझ्या तोंडात रक्त, मी अंगठा वर केला.

पोलीस आले. मला विचारलं कुणी मारलं. मी म्हणलं, लिफ्टवरून पडलो. म्हणलं आणि माझं मलाच चमकलं, तो डोळा गेलेला माणूस हेच बोलला होता. त्यानं का म्हणलं ते न्हाई कळलं, पण म्हणताना कसं वाटत असंल तेवढं कळलं.

हॉस्पिटलात केतकी कपाळाला हात लावून बसली, अकरा वर्षांची तवा. बाबा, यू कान्ट से दॅट, पास्ड मीन्स शी डाइड. आता मला काय ठाऊक. आपल्यात माणूस मेला की एक्स्पायर झाला म्हणतात. इथं स्टिकर एक्स्पायर होतं आणि माणूस पास होतो. सगळंच उलटं. त्या दिवसापासून मी तो शब्द तोंडातून काढला न्हाई. गाडी ओके. अंगठा वर. बास.

ह्या मार्चमध्ये मिस रूथ आली ती डॅरेलबरोबर. म्हातारी वाकली होती, तरी रविवारी चर्चला स्वतः चालवत जायची. गाडी मी पळवली, ब्रेक दाबला, गाडी थांबली. मावशीच ती. बाहेर अकरा गाड्या उभ्या, बिली ओरडतोय, आणि खरं सांगतो, ही गाडी कधी नापास होत न्हाई म्हणून मी स्टिकर हातात घेतलं होतं. काचेला लावायला वाकलो आणि माझंच बोट माझ्या डोळ्यापुढं आलं. ठेवलं स्टिकर. परत गाडीत बसलो, ब्रेक दाबून धरला, आणि पेडल हळूहळू पायाखाली बुडायला लागलं. खाली गेलो. पुढची नळी इथल्या उन्हानं चिरून फुगली होती, बोटाला ओल लागली. टेम्पोची होती तशीच, अगदी तशीच.

बाहेर येऊन म्हणलं, फेल. डॅरेल उसळला. ही गाडी कधीच फेल झाली न्हाई, तू सूड घेतोयस माझ्यावर, दातांचा सूड घेतोयस. परत मूठ वर. ह्या वेळी मी त्याचं मनगट धरलं, मारायला न्हाई, पण सोडलंही न्हाई, आणि ओढत गाडीखाली नेलं आणि त्याचं बोट त्या नळीवर दाबलं. म्हणलं, हे बघ, हे तुझ्या आईच्या पायाखाली होतं. त्यानं ओलं बोट शर्टाला पुसलं आणि आईशेजारी जाऊन बसला. मी नळ्या बदलल्या, चारही, नव्या, न काढण्यासाठी. मग स्टिकर लावलं. मिस रूथनं विचारलं, डिड आय पास? मी अंगठा वर केला. तिला काही तो पटला न्हाई, तिला शब्द पाहिजे होता.

आणि मागच्या महिन्यात मी असाच एका ट्रकखाली पडलेलो, पान्यानं नट आवळतोय, आणि बाहेर डॅरेलचे बूट दिसले. ते बूट मी विसरणार न्हाई. तो म्हणाला, सॅम, मॉम पास्ड. आणि मी, इतकी वर्षं गाड्याच पास करतोय, ट्रकखालून जोरात ओरडलो, व्हेरी गुड!

बोललो आणि मग कळलं मी काय बोललो ते. मी सरपटत बाहेर आलो, पाना खाली ठेवला, दोन्ही हात खाली सोडले आणि डोळे मिटले. म्हणलं मार बाबा, आज मार. मूठ आली न्हाई. डोळे उघडले तर तो जुन्या टायरांवर बसून हसत होता, हसता हसता रडायला लागला, आणि माझी कॉलर धरून त्यानं कपाळ माझ्या छातीवर टेकवलं, त्याच मोडलेल्या बरगडीवर. मी विचारलं, कुठं गेली? कशी? गाडीत होती का? तो म्हणाला, न्हाई, घरी, झोपेत, आदल्या दिवशी चर्चला जाऊन आली होती, स्वतः चालवत.

स्वतः चालवत गेली आणि स्वतः परत आली. ताई, मी तिथंच फरशीवर बसलो. किती वर्षांचं ओझं होतं माझ्यावर ते त्या वेळी कळलं.

गाडी त्यानं विकली न्हाई, तोच चालवतो, गुडघे स्टिअरिंगला लागतात. परवा तेल बदलायला आला होता. मी काम झालं म्हणून अंगठा वर केला तर तो हलंना, म्हणाला, से इट. मी न्हाई म्हणलं. म्हणाला, प्लीज. मग मी गाडीच्या टपावर हात ठेवला, केतकीच्या डोक्यावर ठेवला होता तसा, आणि म्हणलं, यू पास्ड, मावशी.

केतकी आता तेरा वर्षांची, दोन वर्षांनी चालवायला शिकणार. गाडी कुठली ते ठरलेलंच आहे. खाली मात्र मी जाणार आधी. तुम्ही पण आणा तुमची गाडी, ताई, चहा घेऊ, नळ्या बघतो.