अकरावा जोड

खरं सांगू, आधी मला खटकल्या त्या चपला. पहिलीच्या पोरांना मी मोजणी दाराबाहेरच्या चपलांवरच शिकवते. त्या दिवशी जोड भरले अकरा आणि वर्गात पोरं दहाच. सगुणाची लाल चप्पल होती, सगुणा नव्हती.

तेवढ्यात तिचे वडीलच दारात उभे. मी दचकलेच.

"बाई, पोरीला न्यायला आलोय. मेंढरं निघाली कोकणात. आता पावसाच्या तोंडालाच माघारी."

"दादा, सगुणा... वर्गात नाहीये."

"न्हाई म्हंजी? सकाळी म्याच सोडली की हितं!"

शाळेमागे बिनकठड्याची विहीर आहे. ते तिकडं धावत सुटले. मी वर्गातच उभी. हातात हजेरी होती, म्हणून वेड्यासारखी नाव पुकारत राहिले. "सगुणा! अगं सगुणा!" पोरं खाली माना घालून एकमेकांना ढोसत होती.

चौथ्या हाकेला खिचडीच्या भांड्यांच्या कपाटातून बारीक आवाज आला,

"बाई, मला गैरहजर लिवा ना. आबा जाईपातूर."