लिफ्टच्या दारातलं भांडण

…नाही, भांडण बापलेकीचं, पण मधे उभी मी! घरात पेटलेलं ते बसमधून उतरून नव्या, रिकाम्या इस्पितळाच्या तळमजल्यावर, थेट लिफ्टच्या दारात येऊन पोचलं, तरी माझ्या लेकाचं टुमणं एकच… पर्मनंट म्हणजे पर्मनंट!

तुम्हाला सांगते, नातीने पाणीपट्टीच्या कचेरीतली कायमची खुर्ची सोडली आणि लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत कंत्राटावर गेली. सहा महिने काम बघू, पटलं तर कायम करू, असं ठरलेलं. सहा महिने सरले, आणि साहेब काय म्हणतो? "काम फार छान हो तुमचं, आणखी तीन महिने बघू या." म्हणजे मुलगी पसंत, लग्नाचं नंतर बघू!

इकडे जुन्या कचेरीतली खुर्ची अजून रिकामी. तिथून निरोप, आज संध्याकाळपर्यंत हो म्हण, नाहीतर दुसरं कोणी बसणार. मग लेक गप्प बसतोय? आजारी पडलीस तर पगार कापतील, घरकर्जाला बँक दारात उभं करणार नाही, उद्या नको म्हणाले तर कुठे जाशील… खोटं काय त्यात? मी तर त्याच्याच बाजूने गेले होते. नात एवढंच म्हणाली, की कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या बाई एकाच खुर्चीत, एकाच खिडकीकडे पाठ करून म्हाताऱ्या झालेल्या पाहिल्यात, भीती तिथेही वाटायची. तर हा पुन्हा… पर्मनंट म्हणजे पर्मनंट!

आता त्या कंपनीची एक रीत आहे. लिफ्ट ताब्यात देण्याआधी, जिने बसवली तिने आपल्या घरचं माणूस घेऊन पहिली फेरी मारायची. कामात कुचराई केलेली असेल तर कोण आणील हो आपल्या आईबापाला? म्हणून तर आमची वरात तिथे. नातीने आत जमिनीवर पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला. मी शिरले. लेक मात्र दारातच थबकला. कंत्राटी कामाचा काय भरवसा, म्हणाला, आणि निघाला जिन्याने!

दार मिटलं. मी डोळे गच्च मिटून दांडी धरली… आणि काही हललंच नाही. म्हटलं, बंद पडली वाटतं. डोळे उघडते तर पोरगी भिंतीला तळवा लावून उभी, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. पेल्यातलं पाणी शहारलंसुद्धा नाही. आणि दार उघडलं तर… सातवा मजला! अख्खं शहर पायाशी! अहो, वेणी घालताना जी क्षणभर स्वस्थ बसायची नाही, तिचे हे हात? उद्या इथून आजारी माणसं खाटेसकट वर येतील आणि आपण हललो हे त्यांना कळणारही नाही. मी गच्च धरलेली दांडी सोडून दिली.

बऱ्याच वेळाने जिन्यातून धापा ऐकू आल्या. लेक कठड्याला लोंबकळत वर आला, घामाने निथळत. नात धावली, त्याला धरलं आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी तीन महिने थांबणार. पुढचं पुढे." हा बोट उगारतो, तोंड उघडतो, "पर्… पर्म…" श्वासच पुरेना. मग मी पुन्हा लिफ्टमध्ये पाऊल टाकलं, पोरीला हाताला धरून आत ओढलं आणि त्याला म्हणाले, "तू आपला जिन्यानेच उतर बाळा, जिना पर्मनंट आहे."